लहान पुडीचा रकाना

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कापसाखालोखाल कुठलं पीक जोमात आलं असेल, तर ते अभ्यासकांचं. बीटी कापूस गावोगाव पोचला, मागोमाग शेतकऱ्यांच्या हालांच्या बातम्या मोठ्या शहरांतल्या पेपरांत झळकल्या, आणि नांदुऱ्याच्या स्टेशनावर पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली आणि काखेत फॉर्मचा गठ्ठा अशी माणसं उतरायला लागली. रिक्षावाले त्यांना चेहऱ्यावरूनच ओळखायचे. "सर्व्हे का?" एवढंच विचारायचे आणि गाडी चालू करायचे. मीही त्याच गठ्ठेवाल्यांपैकी एक. फरक इतकाच की मी रेल्वेने नाही, एसटीने यायचे, आणि माहेर देऊळघाटचं, शेतकऱ्याच्या घरचं. त्यामुळे कापसातलं मला कोणी काही शिकवायची गरज नाही, असा माझा पक्का समज होता.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असेल तर बसायचं. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, पीएच.डी.ला शोधनिबंध हवेत, आणि शोधनिबंधाला विषय हवा. विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सर मनाने चांगले होते, पण सदा कुठल्या तरी बैठकीला निघालेले. एका बैठकीतून दुसरीकडे जाताना जिन्यात त्यांनी मला विषय दिला: बीटी कापसाचे नियम शेतकरी पाळतात का?

नियम असा होता. बीटी सरकीच्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेने, चहूबाजूंनी पाच-पाच ओळींत लावायची. बोंडअळीने त्या साध्या ओळींवर ताव मारावा, म्हणजे बीटीचं विष पचवायची सवय तिला लवकर लागणार नाही, अशी त्यामागची कल्पना. थोडक्यात, अळीसाठी वेगळं पान वाढून ठेवायचं. शास्त्रज्ञ त्याला आश्रयाच्या ओळी म्हणायचे. शेतकरी नुसतं 'लहान पुडी' म्हणायचे.

मी वरवट बकाल गाव निवडलं, कारण तिथली एसटी सोयीची होती. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मी हेच कारण दीड पान भरून, वेगळ्या शब्दांत लिहिलं.

उतरल्यावर पहिलं दुकान लागलं ते एका शिंप्याचं. साठीकडे झुकलेले, गळ्यात टेप, चष्मा कपाळावर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. चार एकर कोरडवाहू शेती होती, त्यामुळे सकाळी शेत आणि दुपारपासून मशीन असा त्यांचा दिवस. पँट शिवून होईपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर बसायचं आणि बोलायचं, म्हणून गावातलं कुणाचं काय चाललंय ते चाचांना सरपंचाआधी कळायचं. मी फॉर्म काढलेला पाहून त्यांनी मशीन थांबवलं.

"बाई, तुमी कोनत्या? आत्महत्यावाल्या का अळीवाल्या?"

"अळीवाली," मी म्हटलं.

"मंग बसा. अळीवाल्याइले आपल्याकडं चहा भेटते. दुसरेवाले आले का मी हात जोडतो. ते घरातल्या बाईले रडवल्याबिगर उठत नाईत."

चहा आला. मी पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "या बाकड्यावर बसून लय जन लिहून गेले. दिल्लीचे आले, एक तं जपानचा होता. कोनी वापस आलं नाई. आमच्याबद्दल काय लिवलं, आमाले मालूम नाई. तू जे लिवशील ते मले वाचून दाखवशील का?"

"दाखवीन की."

"जबान देते?"

"देते," मी म्हटलं. बशीतलं दुसरं बिस्किट घ्यायला हो म्हणावं तितक्या सहज म्हटलं.

चाचांनी मात्र ते सहज घेतलं नाही. पुढचे आठ दिवस दुपारी दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर घरोघर फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "आपल्याच जिल्ह्याची पोट्टी हाये, देऊळघाटची. खरं खरं सांगा. लिवलेलं वाचून दाखवनार हाये." लोकांनी माझ्याकडे बघून नाही, चाचांकडे बघून तोंड उघडलं. एरवी सर्व्हेवाल्याला कसं कटवायचं हे गावाला तोंडपाठ झालं होतं. उत्पन्न विचारलं की कमी सांगायचं, खर्च विचारला की वाढवून सांगायचा, आणि अडचणी विचारल्या की शेजाऱ्याच्या सांगायच्या. माझ्यापुढे तसं कोणी केलं नाही. त्या गावात चाचांची पत होती आणि ती त्यांनी माझ्या चार पानी फॉर्मला जामीन ठेवली होती. मला तेव्हा हे नीट कळलंही नाही. मी खुशीत रकाने भरत होते.

त्यातला एक रकाना लहान पुडीचा. 'सोबतच्या लहान पुडीतील बियाणे लावले का? होय / नाही.' ज्याला विचारावं तो 'हाव, लावतो ना' म्हणायचा. एका आजीबाईंनी तर "पैशाचं बी फेकून देते का कोनी?" म्हणून मलाच दटावलं. मी भराभर 'होय'वर खुणा करत गेले. घरी येऊन बेरीज मांडली तेव्हा माझाच विश्वास बसेना. इतर सगळे लिहीत होते की शेतकरी ती पुडी बांधावर फेकून देतात, आणि इथे जवळजवळ सगळं गाव ती लावत होतं. सरांना फोन केला. ते बैठकीतून बाहेर आले, यावरून गोष्टीचं गांभीर्य लक्षात यावं. "एकदम वेगळा निष्कर्ष आहे! कुणालाही सांगू नकोस," ते म्हणाले.

निबंध तयार झाला. पहिलं नाव सरांचं, तिसरं माझं, आणि दुसरं अशा एका गृहस्थांचं ज्यांना मी आजतागायत पाहिलेलं नाही.

आता छापायचा कुठे? माझ्या मेलवर रोज दोन-तीन आमंत्रणं यायची. 'परमआदरणीय थोर विद्वान महोदय' अशी सुरुवात असायची. मी महोदय नव्हते, थोर तर नव्हतेच, पण ऐकायला बरं वाटायचं. पैसे भरा, तीन दिवसांत छापून देतो. त्यातल्या एका नियतकालिकात खगोलशास्त्र आणि स्त्रीरोग एकाच अंकात नांदत होते. आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने तिथे निबंध छापला होता; निबंध त्याचा आणि फोटो दुसऱ्याच कुणाचा. त्याला नोकरीसाठीचे गुण मिळाले, फोटोवाल्याला काय मिळालं कोण जाणे.

सरांनी तो मार्ग ठामपणे नाकारला आणि एका परदेशी, प्रतिष्ठित नियतकालिकाकडे निबंध पाठवला. तिथे तो वर्षभर फिरला. दोन परीक्षकांनी तो तपासला. एकाने स्वल्पविराम सुधारले, दुसऱ्याने स्वतःचे तीन निबंध संदर्भयादीत घालायला सुचवलं. लहान पुडी नेमकी लावतात कुठे, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. शेवटी स्वीकृतीचं पत्र आलं, सोबत एक चौकशी: आपला निबंध जगात सर्वांना मोफत वाचता यावा अशी आपली इच्छा आहे काय? इच्छा होतीच. पण इच्छेचं जे शुल्क लिहिलं होतं त्यात माझ्या दोन वर्षांच्या तासिका मावल्या असत्या. आम्ही नाही म्हटलं. म्हणजे कुलूप लागलं. लेखकाने पैसे भरले तर वाचकाला फुकट, नाही भरले तर वाचकाने भरायचे, आणि दोन्हीकडून लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही, हा धंदा मला फार उशिरा कळला. तोवर मी त्यात मजूर म्हणून लागलेही होते.

इकडे चाचांचा फोन दर आठवड्याला. "बाई, आला का छापून?"

छापून आला त्या दिवशी मी पेढे घेतले आणि लिंक उघडली. नाव दिसलं, सारांश दिसला, आणि खाली कुलपाचं चित्र आणि डॉलरमधली रक्कम. एक दिवस वाचण्यासाठी एवढे. मी स्वतःचं नाव परत वाचलं, मग कुलपावर बोट ठेवलं. काही उघडलं नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दैनिकं आणि स्पर्धा परीक्षेचं एक मासिक यायचं, त्यामुळे तिकडे विचारायला जाण्यात अर्थ नव्हता. सर म्हणाले, "माझ्याकडे प्रत आलीय, पण कुठल्या मेलवर ते सापडत नाहीये." माझ्याकडे कच्चा खर्डा होता, पण सरांनी आणि परीक्षकांनी मिळून त्याचं इतकं काही केलं होतं की तोच वाचून दाखवणं म्हणजे चाचांना फसवणं झालं असतं.

असे चार महिने गेले. चाचांचा फोन आला की मी विषय बदलायचे. शेवटी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला सांगितलं. तिने कुठल्या तरी चोरवाटेने दहा सेकंदांत तो निबंध काढून मला पाठवला. स्वतःच्याच घरात खिडकीतून शिरल्यासारखं वाटलं. पण शिरले.

पुढच्या शनिवारी प्रिंट घेऊन वरवट बकालला गेले आणि आधी उशिराचं कारण, ते कुलूप, चाचांना सांगितलं. चाचांनी बाकडं झटकलं, आतून चाचीही दाराशी येऊन बसल्या, आणि पँटची उंची कमी करायला आलेला एक शेतकरी आयताच श्रोता मिळाला. मी इंग्रजी वाक्य वाचायचे आणि मराठीत सांगायचे. सारांश झाला, पार्श्वभूमी झाली. चाचा माना डोलवत काज करत होते. मग निष्कर्ष आले. "या गावातले बहुतेक शेतकरी शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या आश्रयाच्या ओळी लावतात," मी जरा आवाज चढवून सांगितलं.

सुई थांबली. "कुठं लावतात म्हनते तुहा कागद?"

"बांधाच्या कडेने. पाच-पाच ओळी."

पँटवाला खो खो हसायला लागला. चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "अवं पोट्टे, धुऱ्याच्या कडेनं कोन लावते? लहान पुडी तं नांग्यात जाते."

एवढं ऐकलं आणि मी हातातला कागद खाली ठेवला. कारण मला ते माहीत होतं. सरकी डोबली, म्हणजे खड्डा करून टाकली, की सगळीच उगवत नाही. कुठे मुंगी नेते, कुठे पाऊस ओढ देतो, कुठे ढेकूळ आडवं येतं. आठ-दहा दिवसांनी तासात, म्हणजे ओळीत, मोकळ्या जागा दिसतात, त्या नांग्या. महागाच्या पाकिटातलं बी तोवर संपलेलं असतं, मग लहान पुडी फोडायची आणि त्या बियांनी नांग्या भरायच्या. म्हणजे साधी कपाशी कडेला नाही, बीटीच्या ऐन मधोमध, एक इथे एक तिथे. अळीला वेगळं पान वाढणं दूरच, सगळ्या पंगतीत तिला मोकळं सोडलेलं.

आणि हे मी स्वतः केलेलं होतं. आमच्या शेतात आई पुढे काडीने खड्डा करायची आणि मागे ओढणीच्या ओच्यात लहान पुडी घेऊन मी दोन-दोन बिया टाकत जायचे. कॉलेजात जाईपर्यंत दरवर्षी. तासात नांगा राहिलेला आईला बघवायचा नाही. हे सगळं माझ्या बोटांना पाठ होतं, आणि हातात फॉर्म आला तेव्हा एकदाही आठवलं नाही. फॉर्मवाली बाई झाले आणि देऊळघाटची मुलगी घरी ठेवून आले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

चाचा हसत नव्हते. "मी घरोघर सांगत फिरलो, खरं सांगा म्हनून. त्याइनं खरंच सांगतलं. मंग कागदावर खोटं कसं झालं?"

"चूक माझी आहे, चाचा. लावलं का एवढंच विचारलं. कुठे लावलं, हे विचारलंच नाही."

"मंग उसव आन् दुरुस्त कर." शिंप्याला दुसरा उपाय माहीत नव्हता. मग त्यांनी हातातली पँट बाजूला ठेवली. "पन निस्तं लावत नाईत असं नको लिवजो. काऊन लावत नाईत, तेबी लिव. नाई तं जो वाचल तो म्हनल, कास्तकारच बदमाश हाये, यानंच अळी आनली."

नुकत्याच सरलेल्या दोन हंगामांत गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाऊन टाकली होती आणि दोष कुणाचा यावर सगळीकडे खल चालू होता, त्यामुळे हे बोलणं वाऱ्यावरचं नव्हतं. पँटवाल्याने कारणं सांगितली. पाकिटातलं माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात, तेही बहुतेक इंग्रजीत. दुकानदार म्हणायचा, ही पुडी वरून फुकट. आणि ज्याचं शेतच दीड-दोन एकर, त्याने चारी बाजूंनी पाच-पाच तासं अळीला सोडली तर मधे उरतं काय? मी सगळं लिहून घेतलं, दीड पान भरलं.

मी सरांना सांगायला गेले. पुढच्याच महिन्यात माझी कायम नेमणुकीची मुलाखत होती आणि नावाजलेल्या ठिकाणी छापलेला माझा तो एकच निबंध. सर म्हणाले, "कशाला? छापलेले निबंध कोणी वाचत नाही गं. मोजतात फक्त." मी म्हटलं, वरवट बकालमध्ये वाचलाय, सर. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाठव. माझंही नाव घाल." त्या दिवसापासून मी सरांच्या बैठकांची चेष्टा जरा कमी केली. निबंधावर दुसरं नाव असलेल्या त्या गृहस्थांचा मात्र मला आयुष्यातला पहिला मेल आला: दुरुस्तीतून आपलं नाव वगळता येईल का?

नियतकालिकाचं उत्तर नम्र होतं. दुरुस्ती चार ओळींत बसवावी. कारणमीमांसा हा दुरुस्तीचा भाग होऊ शकत नाही; ती मांडायची असल्यास नवा निबंध पाठवावा. शुल्काचा तक्ता सोबत जोडला होता. मी दोनदा लिहून पाहिलं, विनवून पाहिलं. दीड पान गेलं, चार ओळी उरल्या. मुलाखतीत त्यावरून काही बोलणं झालं नाही, कारण मुलाखतच झाली नाही; त्या वर्षी जागाच भरायची नाही असं ठरलं.

दुरुस्ती आली आणि मी चाचांना फोन केला, "तुमच्या मोबाईलवर लिंक पाठवलीय." संध्याकाळी दुकानात पोचले तेव्हा ते पडद्याकडे बघत खुशीत बसले होते. "कुलूप नाई लागलं! लगेच उघडलं."

खरंच उघडलं होतं. निबंधाला कुलूप असलं तरी दुरुस्ती मात्र जगाला मोफत, असा त्यांचा नियमच होता. मी मराठीत सांगितलं: सदर शेतकऱ्यांनी आश्रयाच्या ओळी लावल्या नव्हत्या. लहान पुडीतील बियाणे त्यांनी मुख्य पिकात मिसळले होते. लेखक दिलगीर आहेत.

चाचांनी मोबाईलवर बोट सरकवलं. "पुढं?"

"पुढे नाही, चाचा."

"आन् काऊन?"

"त्यांनी कापलं. मी लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. त्यांनी घेतलं नाही."

त्यांनी मोबाईल बाकड्यावर ठेवला. "आमची तारीफ छापली तवा कुलूप लावलं," ते म्हणाले. "आता आमची चूक हाये, तं सताड उघडं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ज्या माणसाने घरोघर फिरून खरं बोला म्हणून सांगितलं, त्याच्याच गावाला मी साऱ्या जगापुढे नियम मोडणारं म्हणून उभं केलं होतं, आणि ते सुद्धा खरं बोलण्याच्या नादात.

"रडून राह्यली काऊन? बस," चाचा म्हणाले. त्यांनी मापांची वही ओढली, कोरं पान काढलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. "फारम तूच बनवत बसली, म्हनून झालं हे. आता मी बनवतो. तू निस्ती विचारत फिरजो."

त्यांनी मापाच्या पानासारखे उभे रकाने पाडले. मग वर, एकेक अक्षर सावकाश काढत, पहिला प्रश्न लिहिला आणि मोठ्याने वाचला: "पेरनीच्या आंधी, ही लहान पुडी कायले हाये, हे तुमाले कोनी सांगतलं होतं का?"

माझ्या चार पानी फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. परीक्षकांना तो सुचला नव्हता, सरांना नाही, मलाही नाही.

"सांग," चाचा म्हणाले, "सुरुवात तुह्यापासूनच करतो. तुमी नांग्या भरायचे देऊळघाटले, तवा तुह्या घरी कोनी येऊन सांगतलं होतं?"

मला आई आठवली, काडीने खड्डा करत पुढे सरकणारी.

"नाही," मी म्हटलं. "कोणीच नाही."

चाचांनी पहिल्या रकान्यात देऊळघाट लिहिलं आणि पुढे 'नाही' लिहिलं.